सव्वातीन मीटर सुतळीत सूर्यमाला

पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत खेटून काढलेले असतात. त्यामुळे नेपच्यून किती लांब आहे, हे मुलांना कळतच नाही. त्यावर सुतळीचा उपाय फार चांगला.

१. सव्वातीन मीटर सुतळी घ्या. एका टोकाला गाठ मारा. हा सूर्य.
२. गाठीपासून मोजून रंगीत चिंध्या बांधा: बुध ४ सेंमी, शुक्र ७, पृथ्वी १०, मंगळ १५, गुरू ५२, शनी ९५, युरेनस १९२, नेपच्यून ३००.
३. एका मुलाने सूर्य धरायचा, दुसऱ्याने नेपच्यून, आणि सुतळी ताणायची.

मोजायचं काम मुलांनाच द्या, खरी मजा त्यातच आहे. पहिले चार ग्रह वीतभर जागेत दाटीवाटीने बसतात आणि मग गुरूपर्यंत नुसती मोकळी सुतळी! इथे थांबा, प्रश्न येऊ द्या. घाईने उत्तर देऊ नका.

चिंध्यांऐवजी लहानमोठे मणी ओवू नका. मुलांना तोच ग्रहांचा आकार वाटतो. या मापात खुद्द सूर्यच राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होतो, मग पृथ्वी दिसणार कुठून?