आजीच्या ओव्यांची कॅसेट लॅपटॉपवर घेण्याआधी

टेपरेकॉर्डर भिंतीपासून पुढे ओढा आणि त्याची मागची बाजू बघा. साउंड कार्ड, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी, कोणतं घ्यायचं हे दुकानात नाही, तिथं ठरतं. लाल-पांढऱ्या पिनांची दोन भोकं असतील आणि शेजारी ‘लाइन आउट’ लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. साधा टू-इन-वन असेल तर हेडफोनचं भोक सापडेल. तेही चालतं, फक्त आवाजाचं बटण अगदी खाली ठेवून सुरुवात करायची आणि हळूहळू वाढवायचं.

आता लॅपटॉपची कड बघा. बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो. त्यातली माइकची वाट एकेरी, म्हणजे मोनो, आणि माइकमधून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी केलेली. डेकच्या, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या, लाइन आउटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतात. एवढा सिग्नल त्या वाटेनं घातला की आवाज फाटतो. मी आधी दोन-तीनशे रुपयांचं बोटाएवढं यूएसबी कार्ड आणलं होतं. त्याला गुलाबी आणि हिरवी अशी दोन भोकं. गुलाबी भोक पुन्हा माइकचंच. आजीचा आवाज चिरका आला, पण त्याहून वाईट म्हणजे जातं गायब झालं. लॅपटॉपच्या माइक सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय चालू होती, आणि जात्याची घरघर तिला गोंगाट वाटली. ओवीचा शब्द संपला की मागे नुसती शांतता. जात्याशिवाय ओवी ऐकताना मला अक्षरशः पोटात कालवलं. म्हणून ही सेटिंग आधी शोधा आणि बंद करा. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद करा.

कार्ड घेताना एकच प्रश्न धरून बसा: याला स्टिरिओ लाइन-इन, म्हणजे लाइन आउटचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही वाटांनी आत घेणारं भोक, आहे का? खोक्यावरच्या ‘७.१ सराउंड’ला भुलू नका, ते आवाज बाहेर काढण्याचं झालं, आपल्याला आत घ्यायचा आहे. बेहरिंगरचं यूसीए२०२ किंवा त्याचं लाल भावंड यूसीए२२२ या कामाला पुरतं: लाल-पांढऱ्या पिना थेट लागतात, वेगळा चार्जर लागत नाही. त्यावर आत येणारा आवाज कमी-जास्त करायचं बटण मात्र नाही, आणि यूएसबीची वायर जुन्या चौकोनी पिनेची आहे, तेव्हा लॅपटॉपला फक्त यूएसबी-सीची भोकं असतील तर अडॅप्टर आणून ठेवा. पुढं स्वतः गाणं किंवा पेटी रेकॉर्ड करायची असेल तर फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारखं घ्या. त्याला मोठ्या पिनेच्या वायरी लागतील, इनपुट ‘लाइन’वर ठेवावं लागेल, आणि माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बंद. नुसत्या कॅसेटींसाठी एवढा खर्च करू नये असं माझं मत आहे. कॅसेटचा आवाज १६ बिटमध्ये आरामात मावतो. १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यानं आजी जास्त स्पष्ट होत नाही.

रेकॉर्डिंग मूळ मोनो टेपरेकॉर्डरवर केलेलं असलं तरी लॅपटॉपवर घेताना स्टिरिओच हवं. जुन्या डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, जरासं तिरकं झालेलं असतं. आवाजाच्या डावी-उजवी अशा दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या की वरचे सूर एकमेकांना खातात, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. वेगवेगळ्या घेतल्या तर जी बाजू स्वच्छ तीच ठेवता येते.

वाचलेले पैसे सफाईवर घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायची कापसाची काडी. हेडवरून तपकिरी काजळी निघायची थांबेपर्यंत पुसा, रबरी चाकही पुसा. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले कान मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. हे वाजवण्याआधी करायचं, नंतर नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून सैल करा. आजीची कॅसेट घालण्याआधी एखादी बिनमहत्त्वाची वाजवून बघा, डेक टेप खातो का ते कळेल.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पुरे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, फाइल डब्ल्यूएव्ही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण ६३५ एमबी लागतात, तेवढी जागा मोकळी करा. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मागे बारीक गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा ती तिथंच थांबते. खरखर काढायचा मोह झाला तर तो प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

आणि पहिल्या कॅसेटच्या वेळी आत्याला शेजारी बसवा. आमच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या ओवीनंतर कुणीतरी बाई हसते, बांगड्या वाजतात, आजी “थांब गं” म्हणते. मला ती बाई कोण ते ठाऊक नव्हतं. आत्यानं हेडफोन कानाला लावला आणि लगेच नाव सांगितलं. ते मी फाइलच्या नावातच लिहून टाकलं.