कोंबड्या ठणठणीत, पण जिवाणू औषधाला दाद देत नाहीत: ब्रॉयलर शेडमधल्या या चुका टाळा

मरतूक कमी, वजन वेळेवर, विष्ठा घट्ट, म्हणजे शेडमध्ये काही अडचण नाही, हा समज आधी सोडा. ई-कोलाय हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात कायमच असतो. त्यातले अँटिबायोटिकला न जुमानणारे प्रकार निरोगी पक्ष्यातही सुखाने राहतात. विष्ठेतून ते शेडमध्ये अंथरलेल्या तुसात उतरतात, तिथून पुढच्या बॅचमध्ये, कापताना मांसावर आणि काम करणाऱ्यांच्या हातावर जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक पिल्ले उतरतात त्याच दिवशी होते. ‘प्रिव्हेंटिव्ह’ म्हणून पहिले तीन ते पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक सोडले जाते. साधे जिवाणू मरतात आणि उरलेल्या चिवट जिवाणूंना सगळे आतडे मोकळे मिळते. हा प्रतिकार बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या डीएनए-कड्यावर असतो, त्यामुळे तो एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातो. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक निकामी करणारे प्लाझ्मिडवरचे एमसीआर-१ जनुक चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जगापुढे आणले. माणसासाठी कोलिस्टिन अगदी शेवटच्या फळीतले औषध आहे. भारतात जुलै २०१९ पासून कोंबड्यांसाठी आणि खाद्यात त्यावर बंदी आहे. जुना स्टॉक म्हणून कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

पहिल्या आठवड्यातली मर पुष्कळदा ब्रूडिंगमधल्या, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यातल्या हलगर्जीची असते आणि तिच्यावर अँटिबायोटिक हा इलाज नाही. पिल्ले येण्याआधीच शेड आणि तूस तापवून ठेवा. पिल्लाच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश हवेत, तूस दोन-तीन इंच हवे. २४ तासांनी शंभर पिल्लांची गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहा. ९५ भरलेली नसतील तर तापमान, पाणी आणि उजेड तपासा.

पक्षी खरोखर आजारी पडले आणि पशुवैद्यकाने औषध लिहून दिले, की डोस चुकतो. ‘इतक्या लिटरला इतके मिली’ हा हिशेब फसवा आहे. पक्षी थंडीत कमी पाणी पितात, उन्हाळ्यात दुपटीच्या आसपास. डोस वजनावर काढा. समजा ५,००० पक्षी, सरासरी ८०० ग्रॅम, म्हणजे ४,००० किलो. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक किलोला १० मिलिग्रॅम लिहिले असेल तर दिवसाला ४० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचे द्रावण ४०० मिली. त्या ऋतूत पक्षी जेवढे पाणी पितात तेवढ्यात ते द्या. ‘दोन लिटरला एक मिली’ धरून ८०० लिटरच्या जागी ६०० लिटरच प्यायले गेले, तर पोटात तीन-चतुर्थांश डोसच जातो. अपुऱ्या डोसात नेमके चिवट जिवाणू टिकतात. बोअरचे पाणी जड असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम हे औषध बांधून ठेवतात. पाण्यात आम्लीकारक (पाणी आंबट करणारे द्रव्य) मिसळले तर हे औषध नीट विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी मर थांबली म्हणून कोर्स अर्ध्यात तोडू नका.

नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यावा. नुकतेच मेलेले तीन ते पाच पक्षी बर्फात घालून त्याच दिवशी रोगनिदान प्रयोगशाळेत पोचवा आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जिवाणू वाढवून कोणते औषध त्यावर चालते ते पाहणारी तपासणी) मागा. औषध चालू झाल्यावर पाठवलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच वाढत नाही.

लेबलवर मांसासाठी थांबण्याचा काळ (शेवटच्या डोसापासून कापेपर्यंतचे दिवस) दिलेला नसेल तर नियमाप्रमाणे तो किमान २८ दिवस धरायचा. चाळिसाव्या दिवशी लिफ्टिंग (पक्षी विक्रीसाठी उचलणे) असेल, तर बाराव्या दिवसानंतर असे औषध द्यायचेच नाही.

आणि लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेले वापरलेले तूस. त्याच तुसावर पुढची पिल्ले सोडू नका. शेड धुऊन, निपल लाइनमधला (पक्ष्यांच्या पाण्याच्या नळीतला) बुळबुळीत थर काढून, किमान चौदा दिवस रिकामी ठेवा. काढलेले लिटर तसेच कोथिंबीर-पालकाच्या वाफ्यात टाकू नका. ओलावा देऊन ढीग लावा, आतले तापमान सलग तीन दिवस तरी ५५ अंशांच्या वर राहू द्या, मग ढीग उलटा आणि पुन्हा तापू द्या.