प्रिझमवरून काचेचा अपवर्तनांक कसा मोजावा

स्पेक्ट्रोमीटरवर हा प्रयोग करताना बहुतेक जण किमान विचलनाच्या कोनाला (प्रिझममधून जाताना किरण कमीत कमी जितका वळतो त्या कोनाला) घाबरतात आणि सगळा वेळ त्यावरच घालवतात. तिथे घाबरण्यासारखं काही नाही. प्रयोग बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, फोकस लावताना, आणि तो बिघडलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

सोडियमचा दिवा आधीच लावून ठेवा. सुरुवातीला तो लालसर गुलाबी दिसतो. तो आतल्या निऑनचा उजेड. पूर्ण पिवळा होईपर्यंत थांबा. तोवर दुर्बिणीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) मागेपुढे करून क्रॉसवायर (आतल्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तारा) स्वच्छ दिसेल असा लावा. स्लिट, म्हणजे दिव्यासमोरची फट, उभी आणि अरुंद ठेवा.

आता फोकस. कॉलिमेटरमधून (स्लिट आणि भिंग असलेल्या नळीतून) निघणारे किरण समांतर हवेत आणि दुर्बीणही समांतर किरणांसाठीच लावलेली हवी. यावर दोन सल्ले सर्रास मिळतात आणि दोन्ही टाकाऊ आहेत. पहिला, खोलीच्या समोरच्या भिंतीवर दुर्बीण फोकस करा. भिंत काही मीटरवर असते, तिथून येणारे किरण समांतर नसतात. दुसरा, दुर्बीण कॉलिमेटरच्या समोर आणून स्लिट स्पष्ट दिसली की झालं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कॉलिमेटर जितका चुकलाय तितकीच दुर्बीण उलट बाजूला चुकली, तरी स्लिट स्पष्टच दिसते.

अंधाऱ्या खोलीतून बाहेर न पडता हे नीट करायचं असेल, तर आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाची पद्धत वापरा. प्रिझम टेबलावर ठेवा आणि टेबल फिरवताना स्लिटची प्रतिमा जिथून मागे फिरते ती जागा (तेच किमान विचलन) ढोबळमानाने शोधा. मग दुर्बीण तिथून चार-पाच अंश, विचलन वाढेल त्या बाजूला सरकवा आणि घट्ट करा. आता प्रिझमचं टेबल फिरवलं की तीच प्रतिमा दुर्बिणीत दोनदा येते, प्रिझमच्या दोन वेगवेगळ्या स्थितींत. एका स्थितीत ती बारीक दिसते, दुसऱ्या स्थितीत रुंद.

नियम एवढाच: प्रतिमा बारीक असेल तेव्हा दुर्बीण फोकस करायची, रुंद असेल तेव्हा कॉलिमेटर. आळीपाळीने असं तीन-चार वेळा करा. शेवटी दोन्ही स्थितींत कशालाही हात न लावता प्रतिमा सारखीच रेखीव दिसली पाहिजे.

मी पहिल्यांदा हे शिकलो ते ‘प्रिझमची धार अमुक बाजूला असताना अमुक फिरवा’ असं पाठ करून. एका दुपारी ती बाजू उलटी लक्षात राहिली. दर फेरीला प्रतिमा आणखी पसरट, आणखी धूसर होत गेली आणि मला वाटलं, भिंगावर धूळ आहे. दोनदा भिंगं पुसली. खरं कारण वेगळंच होतं. बारीक प्रतिमेच्या स्थितीत प्रिझम किरणांचा पसारा कमी करतो, म्हणून तिथे कॉलिमेटर थोडा चुकलेला असला तरी दुर्बिणीपर्यंत जवळजवळ समांतर किरण पोहोचतात. रुंद स्थितीत तोच प्रिझम कॉलिमेटरची चूक वाढवून दाखवतो, म्हणून ती तिथेच दुरुस्त करायची. क्रम उलटला की दर फेरीला चूक वाढत जाते. म्हणून धारेची बाजू पाठ करूच नका. प्रतिमेची रुंदी समोर दिसत असते, तिच्यावर भरवसा ठेवा.

यानंतर दुर्बीण आणि कॉलिमेटर यांचे फोकसचे स्क्रू शेवटपर्यंत विसरून जा.

टेबल समतल करताना प्रिझमची एक बाजू टेबलाखालच्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात ठेवा. तिच्यावरून परावर्तित झालेली स्लिट त्या दोघांपैकी एका स्क्रूने दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणा. दुसऱ्या बाजूची प्रतिमा फक्त तिसऱ्या स्क्रूने मध्यावर आणा, नाहीतर पहिली पुन्हा हलते.

प्रिझमचा कोन साठ अंश असं डब्यावर लिहिलेलं असतं. ते गृहीत धरू नका. धार कॉलिमेटरकडे करून दोन्ही बाजूंवरची परावर्तित प्रतिमा मोजा. दोन वाचनांतला फरक प्रिझमच्या कोनाच्या दुप्पट असतो.

किमान विचलनासाठी आधी नुसत्या डोळ्याने प्रतिमा शोधा, मग दुर्बीण तिथे आणा. टेबल हळूहळू एकाच दिशेने फिरवलं की प्रतिमा सरकते, थबकते आणि परत फिरते. जी प्रतिमा कधीच परत फिरत नाही, नुसती टेबलाबरोबर पळत राहते, ती परावर्तनाची. तिच्या मागे लागू नका. थबकण्याची नेमकी जागा सापडत नाही म्हणून बरेच जण हैराण होतात. तसं होण्याची गरज नाही. साठ अंशांच्या साध्या क्राउन काचेच्या प्रिझमसाठी टेबल एक अंशाने चुकलं, तरी विचलन जेमतेम एका मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) बदलतं. क्रॉसवायर मात्र प्रतिमेवर स्पर्शी स्क्रूने (दुर्बीण किंचित किंचित सरकवणाऱ्या स्क्रूने), सावकाश आणा.

आता टेबल घट्ट करा आणि दोन्ही व्हर्नियर (अंशाचे बारीक भाग वाचायच्या छोट्या पट्ट्या) वाचा. एकच वाचून चालत नाही, कारण मोजपट्टीचं केंद्र आणि फिरण्याचा अक्ष तंतोतंत एकावर एक नसतात. सरासरीत ती चूक जाते. मग प्रिझम अलगद उचला, टेबलाला धक्का न लावता, आणि सरळ स्लिटवर दुर्बीण आणून पुन्हा वाचा. बऱ्याच उपकरणांत व्हर्नियर टेबलाबरोबरच फिरतात. टेबल हललं की आधीचं वाचन वाया गेलं.

वजाबाकीत ३६० ओलांडलंय का ते बघा. समजा, एक वाचन ३५०°१२′ आणि दुसरं २८°५२′. फरक ३२१°२०′ नाही, ३८°४०′ आहे.

प्रिझमचा कोन आणि किमान विचलन यांची बेरीज करून निम्मी करा, तिचा साइन काढा आणि त्याला प्रिझमच्या निम्म्या कोनाच्या साइनने भागा. कोन ६०° आणि विचलन ३८°४०′ असेल तर ४९°२०′ चा साइन भागिले ३०° चा साइन, म्हणजे अपवर्तनांक १.५१७. दोन्ही कोनांपैकी कशातही एका मिनिटाची चूक झाली, तर उत्तर सुमारे ०.०००२ ने हलतं. म्हणून एक मिनिटाच्या व्हर्नियरवरून दशांश चिन्हानंतर सहा आकडे लिहू नका.

उत्तराशेजारी ५८९.३ नॅनोमीटर हेही लिहा. ही सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांची सरासरी तरंगलांबी आहे. पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा घेतलीत, तर त्याच काचेचा अपवर्तनांक जास्त येईल आणि तो तितकाच बरोबर असेल.