ट्रॅक्टर लोडरला ग्रॅपल बसवताय? व्हॉल्व्ह घेताना या चुका टाळा

ग्रॅपल, म्हणजे लोडरच्या बकेटवरचा माल धरणारा पंजा, घेताना माणूस दात मोजतो, वेल्डिंगवर हात फिरवतो, पत्रा किती एमएमचा ते विचारतो. तो चालवणारा व्हॉल्व्ह मात्र मुंबईच्या नागदेवी बाजारातून ‘एक लिव्हरवाला द्या, स्वस्तातला’ एवढं सांगून आणतो. मग थोड्याच दिवसांत गाडी रबाळ्याला आमच्या शेडपुढे उभी. तळोज्याचा भंगारवाला असो, घोडबंदर रोडला पडलेली झाडं उचलणारा कंत्राटदार असो की मुरबाडचा पेंढावाला, रडगाणं ठरलेलं.

दोन पाइपांत काम उरकणं

आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ओपन सेंटर. पंप गिअरचा, इंजिन चालू आहे तोवर तेल फिरतच राहतं. लोडरच्या व्हॉल्व्हमधून निघालेलं तेल पुढे ग्रॅपलच्या व्हॉल्व्हला द्यायचं, तर पहिल्या व्हॉल्व्हला कॅरीओव्हरची स्लीव्ह लागते, म्हणजे पुढे जाणारं तेल टाकीच्या वाटेपासून वेगळं काढणारी नळी. ती बसली की पाइप तीन होतात: पंपाकडून येणारा, पुढच्या व्हॉल्व्हला जाणारा आणि टाकीला परत जाणारा. घाईतला मिस्त्री काय करतो, टाकीला जाणारा पाइप सोडवतो आणि तोच ग्रॅपलच्या व्हॉल्व्हला जोडून देतो. लोडर वर-खाली होतो, सगळे खूश, पैसे घेऊन मिस्त्री गायब.

तळोज्याच्या एका यार्डात असंच केलेलं होतं. ग्रॅपल मिटलं की लोडरच्या लिव्हरखालच्या रबरातून तेल बाहेर. शेठनी सील बदलले. पुन्हा गळती. सील डुप्लिकेट दिले म्हणून दुकानदाराशी भांडण झालं, महागाचा सेट आणला, तोही गेला. आमच्याकडे गाडी आली तेव्हा बॉडीलाच चीर पडलेली. सीलचा काही दोष नव्हता. व्हॉल्व्हची टाकीकडची बाजू दाब सोसायला बनवलेलीच नसते, आणि स्पूलच्या, म्हणजे लिव्हरने आत सरकणाऱ्या दांड्याच्या, टोकाचे ओ-रिंग नेमके त्याच बाजूला असतात. ग्रॅपलचं लिव्हर ओढलं की तिथे एकदम 150 बार. वर पहिल्या व्हॉल्व्हच्या रिलीफच्या (दाब फार चढला की तेल टाकीला सोडणारी झडप) पाठीवरही तोच दाब बसतो, म्हणजे 150 ला लावलेला रिलीफ 150 ला उघडतही नाही. शेवटी नवा व्हॉल्व्ह, स्लीव्ह आणि टाकीला स्वतंत्र पाइप. स्लीव्ह खिशात मावेल एवढीशी वस्तू आहे हो! पण ती प्रत्येक व्हॉल्व्हला बसत नाही. म्हणून व्हॉल्व्ह हातात घेतला की मी आधी कॅरीओव्हरची सोय बघतो. नसेल तर भाव न विचारता परत ठेवतो.

लिव्हर सोडल्यावर तेल कुठे जातं ते न बघणं

लिव्हर ओढल्यावर काय होतं ते सगळे विचारतात. सोडल्यावर काय होतं ते कोणी विचारत नाही. ग्रॅपलला साधारणपणे असा स्पूल हवा की न्यूट्रलला पंपाचं तेल टाकीला जाईल आणि सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद राहतील. हायड्रॉलिक मोटरसाठीचा, दोन्ही तोंडं टाकीला उघडणारा स्पूल घेतलात तर पंजा धरलेला ओंडका हळूहळू सोडतो. न्यूट्रलला सगळंच बंद करणारा स्पूल तर ओपन सेंटरला लावूच नका. पंप कायम रिलीफवर ओरडत राहतो आणि तेल तापतं.

एक अपवाद. पाइप फुटला तरी माल सुटू नये म्हणून सिलिंडरवर पायलट चेक (तेल आत अडवून धरणारी, दाबाने उघडणारी झडप) बसवला असेल, तर मात्र तोच मोटरवाला स्पूल योग्य. तोंडं बंद ठेवलीत तर मधल्या पाइपात अडकलेला दाब चेकला नीट बसू देत नाही.

व्हॉल्व्हवरचा सिम्बॉल वाचता येत नसेल तर काउंटरवरच पंपाच्या पोर्टमध्ये फुंक मारा. हवा फक्त टाकीच्या पोर्टातून आली पाहिजे. दुकानदार हसतो, हसू दे.

डायव्हर्टर म्हणजे तिसरा व्हॉल्व्ह नव्हे

बकेटचंच तेल बटण दाबून पंजाकडे वळवायचं, एवढंच त्याचं काम. बकेट वळवणं आणि पंजा मिटणं एकाच वेळी होणार नाही. पेंढ्याला चालेल. भंगारात ऑपरेटर दिवसभर शिव्या देईल.

रॉड वाकला की सिलिंडरला नावं ठेवणं

50 एमएम बोअरचा सिलिंडर 150 बारला जवळजवळ 3 टनांनी ढकलतो. पण पंजा मिटलेला असताना बकेट वळवली की बंद स्पूलमागे अडकलेल्या तेलाचा दाब त्याच्याही वर चढतो, आणि मेन रिलीफला त्याचा पत्ताच नसतो. त्या लाइनीवर वेगळा पोर्ट रिलीफ हवा. हा खर्च वाचवणारे मग रॉड सरळ करून मागतात. मी करून देत नाही.

वेगाचंही तसंच. त्याच सिलिंडरला 200 एमएम स्ट्रोक असेल तर तेल लागतं सुमारे 0.4 लिटर. मिनिटाला 30 लिटरच्या पंपावर पंजा एका सेकंदाच्या आत आपटतो. नवशिक्याला ते फार आवडतं, पिना आणि बुशांना नाही. तेलाचा वेग कमी करणारा फ्लो कंट्रोल लावा.

बाकीच्या, पटापट

बटणाचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा स्पूल विजेची कॉइल ओढते. ट्रॅक्टर 12 व्होल्टचा. जुन्या मशीनच्या पॅनेलमधून निघालेली 24 ची कॉइल त्यावर पाव ताकदीनेच ओढते. रिकाम्या पंज्याला टिक आवाज येतो, लोडवर स्पूल हलत नाही.

बटण दाबून धरायचं असावं, आणि ते जॉयस्टिकवरच. ऑन-ऑफ स्विच चालू राहिला की तेल रिलीफवर तापत बसतं.

अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) फिटिंग, दोन्हींचे आटे इंचाला 14. म्हणून चुकीचं फिटिंगही दोन-तीन फेरे सहज जातं. पुढे जड लागलं तर काढा, टेप गुंडाळून रेटू नका. टेपचे तुकडे स्पूलमध्ये जातात.

आणि पावसाळ्यात कॉइलच्या कनेक्टरखालची चौकोनी गॅस्केट जागेवर आहे ना ते बघा, वायर खालच्या बाजूने आत घ्या.