रिव्हॉल्वर घेताना आधी मूठ बघा: मध्यम फ्रेम हातात का बसते आणि ते कसं तपासायचं

मी रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहे, दिवसभर कानस, हातोडी, व्हर्नियर हातात, त्यामुळे कुठलीही मूठ धरली की हाताला लगेच कळतं जमणार की नाही. तरी लायसन झाल्यावर .३२ बोअरचं रिव्हॉल्वर घ्यायला गेलो तेव्हा नळी बघितली, फिनिश बघितलं, मूठ राहिलीच. वर शहाणपणा म्हणजे दिसायला भारी म्हणून तिच्यावर जाड रबराची ग्रिप चढवली. झालं, ट्रिगरपर्यंत बोटाचं नुसतं टोक पोचायचं आणि रेंजवर सगळे शॉट डावीकडे, मी उजवा आहे. दोन महिने मी साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, शिव्या घालत होतो.

तर मध्यम फ्रेम म्हणजे काय, तर मुळात सहा .३८ गोळ्या बसतील एवढं सिलेंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) आणि त्याला पुरेल एवढाच सांगाडा. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीची के-फ्रेम, म्हणजे तिची मध्यम फ्रेम, १८९९ ची, तिचं सिलेंडर साधारण ३७ मिमी. १९५० ची छोटी जे-फ्रेम पाच गोळ्यांची, ३३ मिमीच्या आसपास, आणि मोठी एन-फ्रेम ४३ च्या पुढे. आकडे बघून वाटतं चार-सहा मिमीने काय होतंय, पण सिलेंडर जाड झालं की नळी हातापासून वर जाते आणि झटक्याला तोंड जास्त उचलतं, सांगाडा मोठा झाला की मुठीची पाठ आणि ट्रिगर यातलं अंतर वाढतं आणि बोट पुरत नाही. छोट्यात उलटं, बोट जास्तच आत जातं आणि करंगळीला धरायला जागाच नाही, ती बिचारी खाली लोंबते. मध्यममध्ये हे सगळं बऱ्याच पंजांना एकदम जमतं. गंमत म्हणजे कंपनीने नंतर जास्त दणकट एल-फ्रेम काढली तेव्हा सिलेंडर मोठं केलं पण मुठीचा सांगाडा के-फ्रेमचाच ठेवला, म्हणजे जे जमलंय त्याला हात लावला नाही. आपलं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ हे वेबली मार्क ४ या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वरच्या घराण्यातलं, मापाने तेही जवळपास इथेच येतं.

आता तपासायचं कसं. दुकानात किंवा रेंजवर, लायसनवाल्या माणसाच्या समोरच, आणि आधी उघडून सगळे चेंबर (सिलेंडरमधली गोळ्यांची भोकं) रिकामे बघा, मग अजून एकदा बघा, दुकानदार हसला तर हसू दे. तोंड कायम सुरक्षित दिशेला. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका मुठीच्या पाठीवर जितका वर बसेल तितका बसवा, पण घोड्याच्या (गोळीवर आपटणारा मागचा हातोडा, ट्रिगर नव्हे) वाटेत नको. वरून बघितलं तर नळी आणि मनगटामागचं हाड एका रेषेत हवं. बोट पोचावं म्हणून मूठ हातात फिरवावी लागतेय, म्हणजे झटका सरळ हातात न जाता अंगठ्याच्या बुडाशी बसणार, ते रिव्हॉल्वर तुमचं नाही.

मग बोट ट्रिगरवर. इथे बहुतेक जण फसतात, घोडा मागे ओढून बघतात. घोडा ओढला की ट्रिगर आपोआप मागे सरकतो आणि मग कुणालाही मूठ छान बसल्यासारखीच वाटते. घोडा खाली असताना बघा, डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीने घोडा उठतो आणि सुटतो तसं. ओढ लांब आणि जड असते, त्यामुळे पहिल्या पेराची घडी किंवा निदान पुढची पूर्ण गादी ट्रिगरवर आली पाहिजे, आणि बोटाची बाजू फ्रेमला घासता कामा नये.

शेवटची टेस्ट रेंजवर, रिकाम्या रिव्हॉल्वरने. टार्गेटकडे तोंड करून उभे रहा, मूठ पकडा, डोळे मिटून हात उचला, मग उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत जवळपास आपोआप आली तर मूठ बसली. दर वेळी एकाच बाजूला येत असेल तर आधी ग्रिप बदलून बघा, रिव्हॉल्वर लगेच बदलू नका. लाकडी पातळ पट्ट्या आणि ट्रिगर गार्डमागच्या पोकळीत एक भर एवढ्यानेही खूप फरक पडतो, मधलं बोट सारखं गार्डवर आपटत असेल तर ती भर हवीच. माझी रबराची ग्रिप आता कपाटात आहे, साध्या लाकडी पट्ट्या लावल्या आणि शॉट आपले आपण मधे आले.

दोन हातांनी धरत असाल तर पिस्तूलवाल्यांसारखा दुसरा अंगठा पुढे सरकवू नका, सिलेंडर आणि नळीमधल्या फटीतून गरम गॅस बाहेर येतो, भाजेल.

आणि आपल्याकडचा पाऊस. जूनपासून ठाण्यात हाताला घाम सुटलेलाच असतो, तो पट्ट्यांखाली उतरतो आणि आतून गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी स्क्रू काढून पट्ट्या उतरवा, पुसा, हलकं तेल लावा, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये भरून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. स्क्रू मात्र बरोबर मापाच्या ड्रायव्हरनेच काढा, नाहीतर खाच झिजते आणि मग आमच्यासारख्याकडे यावं लागतं.