शाळेतला संवाद कुठे अडतो? मुख्याध्यापकांनी या चुका टाळाव्यात

बैठका होतात, इतिवृत्त लिहिले जाते, सह्या होतात आणि तरीही शाळेत काहीच बदलत नाही, अशी तक्रार आमच्या खान्देशातील मुख्याध्यापक वारंवार करतात. बहुतेक वेळा निर्णय बैठकीआधीच झालेला असतो. माझी तरी पहिली चूक हीच होती. "कुणाला काही सांगायचे आहे का?" असे मी विचारीत असे, तेव्हा ठराव रजिस्टरात लिहून तयार असे आणि माझ्या पेनाचे टोपणही निघालेले असे. शिक्षक ते पाहत आणि गप्प राहत. उपाय साधा असला तरी जिवावर येतो: रजिस्टर मिटून ठेवावे आणि किमान दोघे बोलेपर्यंत आपण तोंड उघडू नये.

दुसरी चूक भाषेची आणि बसण्याच्या जागेची. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि कागदावर त्या असतातही. पण खुर्चीवरून पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला दाराशी सतरंजीवर बसलेली आई मान डोलावून मोकळी होते. चोपडा तालुक्यातील आमच्या शाळेत कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या वर्गांतील मुलींची हजेरी घसरे. पालकांना उदासीन ठरवून मी दोन वर्षे नोटिसा पाठवल्या. शेवटी सतरंजीवर बसून अहिराणीत विचारले, तेव्हा एक आई म्हणाली, "गुरुजी, येचणी चालू शे, धाकलाले कोण सांभाळी?" मुलगी वावरात जातच नव्हती, अंगणवाडी सुटल्यापासून आई परतेपर्यंत ती धाकट्या भावाजवळ बसत होती. त्या हंगामात धाकट्यांना दुपारनंतर पहिलीच्या वर्गात बसू दिले, आणि मुली येऊ लागल्या. (धडगाव-अक्कलकुव्याकडे अहिराणीही पुरत नाही, तिथे पावरी किंवा भिली जाणणारे माणूस सोबत हवे.)

मुख्याध्यापकाच्या स्वतःतील आंतरिक बदल एखाद्या शिबिराने होतो असे समजणे, ही तिसरी चूक. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिक्षक होते. तेथील वसतिगृहात ते मुलांची कामे स्वतः करीत. आपण त्यांची जयंती साजरी करतो आणि सतरंज्या उचलायला मुलांना सांगतो.

टीका झाली की लगेच खुलासा करण्याचा मोह मला अजून सुटलेला नाही. तेवढ्यापुरते मी बोलणाऱ्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घेतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देतो.