मराठी मजकुरासाठी लिबरऑफिस रायटर लावून घेताना

मी मुद्रितशोधन करते. आषाढ सरत आला की दिवाळी अंकांच्या फाइली यायला लागतात आणि त्या सगळ्या मी लिबरऑफिस रायटरमध्येच (वर्डसारखा लेखनाचा प्रोग्राम) उघडते. फुकट आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे मराठीसाठी जे जे बदलावंसं वाटतं ते बहुतेक सगळं यात बदलता येतं, फक्त ते कुठे दडवलंय ते ठाऊक हवं. नवं मशीन हाती आलं की मी ज्या क्रमाने ते लावते, त्याच क्रमाने इथे सांगते. आयकॉन, रंग, टूलबार ही मंडळी शेवटी. लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात आणि मग 'मराठी नीट दिसत नाही' म्हणून फोन करतात.

आधी भाषा. टूल्स, मग ऑप्शन्स. (मॅकवर हेच प्रेफरन्सेसमध्ये.) नव्या आवृत्तीत 'लँग्वेजेस अँड लोकॅल्स' आणि जुन्यात 'लँग्वेज सेटिंग्ज' नावाचा गट दिसेल. त्यात कागदपत्रांच्या भाषांचे तीन रकाने आहेत: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. आपण आशियात राहत असलो तरी मराठी 'एशियन'मध्ये सापडणार नाही. तो रकाना चिनी, जपानी, कोरियनसाठी. मराठी सीटीएलमध्ये. तिथली चौकट रिकामी असेल तर खूण करा आणि यादीतून मराठी निवडा. खाली 'फक्त चालू कागदपत्रासाठी' अशी एक चौकट असते, ती रिकामीच ठेवा. नाहीतर पुढच्या फाइलीला पुन्हा हीच कसरत.

वरच लोकॅल, म्हणजे देश-प्रदेशाची सेटिंग, असतं. ते अमेरिकेचं राहिलं असेल तर नवं पान लेटर मापाचं उघडतं आणि पट्टी इंचात दिसते. लेटर ए४पेक्षा जरा रुंद आणि जवळपास पावणेदोन सेंटिमीटरने आखूड. पडद्यावर ते लक्षात येत नाही, प्रेसमध्ये येतं. लोकॅल मराठी करा किंवा इंग्रजी (भारत), दोन्ही चालतात.

त्याच भागात सीटीएलच्या वेगळ्या पानावर 'न्यूमरल्स' आहे आणि त्यात 'हिंदी' असा मोहात पाडणारा पर्याय आहे. तो निवडून देवनागरी आकडे मिळत नाहीत, अरबी लिपीत वापरतात ते अंक मिळतात. हात लावू नका. देवनागरी अंक कीबोर्डवरूनच टाका.

भाषा मराठी निवडण्याचा शुद्धलेखनाच्या लाल रेघांपलीकडे एक फायदा आहे, आणि माझ्या लेखी तोच मोठा. देवनागरीत ल आणि श हिंदी छपाईत एका वळणाचे, मराठीत दुसऱ्या. आपला ल पाकळीचा, श देठाचा. २००९च्या शासन निर्णयात वर्णमाला ठरवून दिली तेव्हाही हीच रूपं घेतली. चांगल्या युनिकोड फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा पाहून त्यातलं एक निवडलं जातं. म्हणून मजकुरावर 'हिंदी' असा शिक्का असेल तर फॉन्ट कितीही चांगला असो, ल हिंदीच उमटणार. उत्तरेकडून अनुवादकाची फाइल आली की हे हमखास होतं. सगळा मजकूर निवडा, टूल्समधल्या 'लँग्वेज'मधून मराठी करा आणि 'लाल', 'शाल', 'कौशल्य' डोळ्यांसमोर बदलताना पाहा. बदलले नाहीत, तर त्या फॉन्टात मराठी रूपं नाहीत. फॉन्ट बदला.

फॉन्टचं म्हणाल तर भाषा लावल्यावर ऑप्शन्समधल्या 'लिबरऑफिस रायटर' गटात 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' असं पान दिसतं. मजकूर, शीर्षक, यादी, चित्राखालची ओळ यांचे फॉन्ट तिथे ठरतात. विंडोजवर निर्मला यूआय असतोच, मंगल आणि कोकिला मात्र नव्या विंडोजमध्ये वेगळे उतरवून घ्यावे लागू शकतात. वाचायला मला नोटो सेरिफ देवनागरी बरा वाटतो. कोकिला सुरेख आहे, पण १२ला मुंगीएवढा दिसतो, त्याला १६ तरी द्या. रायटरमध्ये रोमन आणि देवनागरी यांची खाती वेगळी असतात: फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, ठळकपणासुद्धा वेगळा. मराठी १४ केलं म्हणजे मधला रोमन शब्दही १४ झाला असं गृहीत धरू नका. शैली (स्टाइल, म्हणजे फॉन्ट-आकाराचा ठरवून ठेवलेला संच) बदलताना दोन्हीकडे डोकवा.

नवा फॉन्ट पारखायला माझी एक ओळ ठरलेली आहे: 'कुऱ्हाडी, सुऱ्या, कीर्तीं, द्रुत, उद्ध्वस्त, शल्य, ॲसिड, ऑर्डर.' ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टात ते नसतं. रायटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून ते आणून बसवतो आणि एकच अक्षर जरा जाड किंवा तिरपं वाटतं. 'कीर्तीं' ओळींमधल्या अंतरासाठी. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक आले की वरची बाजू किती लागते ते कळतं. काही फॉन्ट ओळींमध्ये फार जागा सोडतात म्हणून लोक परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये अंतर 'फिक्स्ड' करतात आणि मग अनुस्वार छाटले जातात. 'प्रपोर्शनल' ठेवून टक्के कमी-जास्त करा, नाहीतर 'ॲट लीस्ट' घ्या.

आता कुऱ्हाडीतला ऱ्ह. हे अक्षर दोन रीतींनी टंकता येतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण 'दुसऱ्या' शोधायला गेलात तर एका रीतीचे सापडतात, दुसऱ्या रीतीचे हसत बसतात. मी हाती आलेल्या प्रत्येक फाइलीत फाइंड अँड रिप्लेसने (कंट्रोल+एच) सगळे पहिल्या रीतीत आणते. मजकुरातूनच जोडकासकटचा तुकडा कॉपी करून शोधायच्या चौकटीत टाकला की झालं. जोडक मुद्दाम हवाच असेल तर कीबोर्ड इंग्रजीवर आणून दोन-शून्य-शून्य-डी टंका आणि ऑल्ट+एक्स दाबा.

पुढे ऑटोकरेक्ट. टूल्समधून त्याचे ऑप्शन्स उघडा आणि सगळ्यात आधी 'वर्ड कम्प्लीशन' बंद करा. आधी येऊन गेलेला लांब शब्द रायटर पुढे सुचवतो आणि एंटर दाबलं की तो बसवतो. कवितेत ओळ संपवायला एंटरच लागतं. त्यामुळे कवीने 'अंधार' लिहून एंटर दाबलं की 'अंधारलेल्या' छापलं जायची सोय होते. 'रिप्लेस'चा तक्ता मात्र कामाचा. वरच्या यादीत मराठी निवडलेलं आहे ना ते बघा आणि आपले संक्षेप भरा, जसं 'दिअं' लिहिलं की 'दिवाळी अंक'. संक्षेप खरा शब्द नसावा एवढं पथ्य पाळा. 'साहित्य परिषदे'साठी कुणी 'साप' ठेवला, तर ग्रामीण कथा दुरुस्त करताना पंचाईत.

शुद्धलेखन तपासनीस लागत असेल तर मराठी शब्दकोश एक्स्टेन्शन म्हणून मिळतो. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. 'घर' त्याला कळतं, 'घरासमोरच्यांनासुद्धा' कळेलच असं नाही. मी पहिलं वाचन शिफ्ट+एफ७ने रेघा बंद करून करते, दुसऱ्याला चालू.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फाइलींना यातलं काहीच लागू नाही. ती आतून रोमन अक्षरं आहेत, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता पडदा. कंट्रोल+एफ१० दाबलं की न छापली जाणारी चिन्हं दिसतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात दोन-दोन मोकळ्या जागा आणि परिच्छेदाऐवजी नुसत्या तुटलेल्या ओळी किती असतात ते बघून घ्या. पेस्ट करतानाच कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही वापरलंत तर बाहेरचं फॉरमॅटिंग चिकटत नाही. कागदाचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत असेल तर ऑप्शन्समधल्या 'ॲप्लिकेशन कलर्स'मध्ये (नव्यात 'अपिअरन्स') डॉक्युमेंटची पार्श्वभूमी फिकट पिवळट करा. छापताना तो रंग येत नाही. वर्डमधून आलेल्यांना 'व्ह्यू'मधल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये 'टॅब्ड' आवडेल. मी जुनीच मांडणी ठेवते आणि न लागणारी बटणं राइट क्लिक करून काढून टाकते.

शेवटी टेम्प्लेट. एफ११ने शैली उघडा. मूळ परिच्छेद, शीर्षक, उपशीर्षक यांना फॉन्ट, आकार, अंतर द्या. माझ्याकडे 'कवितेची ओळ' आणि 'लेखक परिचय' अशा दोन जादा शैली आहेत. टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड इथे मोकळी दिसेल ती किल्ली त्यांना जोडता येते. मग फाइल, टेम्प्लेट्स, 'सेव्ह ॲज टेम्प्लेट', आणि 'डीफॉल्ट टेम्प्लेट करा' या चौकटीत खूण. यापुढे नवी फाइल अशीच उघडेल. मघाचे बेसिक फॉन्ट मात्र आता बाजूला पडतात. फॉन्ट बदलायचा तर टेम्प्लेटमध्येच बदला.

हे सगळं एका फोल्डरात साठतं. विंडोजवर ॲपडेटा, रोमिंग, लिबरऑफिस, ४, यूजर असा रस्ता. आवृत्ती कितीही पुढे गेली तरी तो ४ तसाच आहे, गोंधळू नका. रायटर बंद करून 'यूजर' फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या मशीनवर त्याच जागी ठेवा. फॉन्ट मात्र तिथे वेगळे घालावे लागतात.